बापाच्या नावाची बिडी

पितृपंधरवडा लागला आणि दौलतच्या पायाचा अंगठा काळा पडला. दोन्ही एकाच आठवड्यात झालं, आणि त्याच्या आईला, हौसाबाईला, मागचं-पुढचं जोडायला एवढं पुरे होतं.

तशी कुरकुर पावसाळ्यापासून होतीच. ठाण्यात वागळे इस्टेटच्या पुलाखालून टेंभी नाक्यापर्यंत चालायचं म्हटलं की दौलतची पोटरी वाटेत आवळून यायची. मग तो एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसायचा, पोटरी चेपायचा, कळ ओसरली की उठायचा. दुकानदार हटकायचे, "ए, ऊठ रे, गिऱ्हाईक यायचंय." चाळिशीतला धट्टाकट्टा गडी, पण असं कुणी उठवलं की मान खाली घालून चालायला लागायचा.

टेंभी नाक्याला नवरात्राच्या मांडवाचं काम जोरात सुरू होतं, आणि दौलत बांबू बांधण्यात तरबेज. वर चढून बसायचं, दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून ताण द्यायचा आणि दोन्ही हातांनी गाठ आवळायची, अशी त्याची पद्धत. अंगठा गेला तर बांधणारा गेला. मग खाली उभं राहून वरच्यांना दोऱ्या पुरवायच्या, तेही कुणी ठेवून घेतलं तर. हे हौसाबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तिचा संसार म्हणजे पुलाच्या खांबाला साखळीनं बांधलेली पत्र्याची पेटी, गोधड्या, निळं प्लास्टिक आणि पाण्याचे कॅन. नाल्याकाठची खोली नाला रुंद करताना गेली होती. दौलतची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती पुलाखाली नांदायला परत आली नाही, आणि तिला बोल लावण्यात काही अर्थ नव्हता. नवरा पंढरी इथेच, याच खांबाशी, थंडीत खोकून खोकून गेला. आता मायलेकच उरले होते.

आणि पंढरी. कारण पंढरी गेला असं बाकीचे म्हणायचे, हौसाबाई म्हणायची नाही. दिवेलागणीला खांबाच्या पलीकडून त्याचा खोकला यायचा. आधी घशात खरखर, मग दोन उबळी, मग थुंकल्याचा आवाज. चाळीस वर्षं ज्या खोकल्याशेजारी झोपली तो तिला ओळखू येणार नाही तर कुणाला?

पंढरीच्या दहाव्याला तलावाच्या काठी पिंड ठेवला तेव्हा कावळा शिवेना. झाडावर बसलेले कावळे खाली बघत होते, पण एक उतरत नव्हता. दौलत हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे हलले नाहीत. मुलीला शिकवीन म्हणाला. तरी नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा हौसाबाईच म्हणाली, "बिडी दे त्यास्नी." दौलतनं बिडी पेटवून पिंडाशेजारी ठेवली आणि बोलला, "आबा, रोज तुमच्या नावाची एक बिडी पेटवीन." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली आला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खांबाच्या कट्ट्यावर बापाच्या नावाची बिडी लागायची. ती अर्थातच शेवटी दौलतच ओढायचा. स्वतःच्या नावाच्या ओढायचा त्या वेगळ्या.

अंगठा काळा पडल्यावर मात्र हौसाबाईनं त्याला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, क्षिप्रा नावाच्या. दारात ही रांग. त्यांनी अंगठा बघितला, पाऊल दाबलं, घोट्याजवळ बोटं ठेवून बराच वेळ काहीतरी शोधलं.

"बिडी ओढता?"

"ओढतो."

"दिवसाला किती?"

"आता मोजतं कोण मॅडम."

"आजपासून एकही नाही. पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. ओढत राहिलात तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. बिडी सोडली तर वाचवता येईल. इतकं सरळ आहे."

बाहेर आल्यावर दौलत भिंतीला टेकला. मग खिशातलं बिंडल काढलं आणि गटारात टाकलं. हौसाबाईचा ऊर भरून आला. बापानं मरेपर्यंत सोडली नव्हती, पोरानं उभ्या उभ्या सोडली. पण दोन पावलं चालली नाही तोच ती थांबली.

"आन् त्यांची रं?"

दौलतला कळलं. "पेटवून ठेवूया ना कट्ट्यावर. मी नाय ओढणार. त्यांची ते ओढतील."

संध्याकाळी तसंच केलं. काडी ओढली, बिडी धरली, कट्ट्यावर ठेवली. मायलेक बघत बसले. थोडा धूर निघाला आणि बिडी विझली. परत पेटवली, परत विझली. सिगरेट असती तर एकटी जळत राहिली असती. बिडीचं तसं नसतं, तिला कुणीतरी ओढावंच लागतं. दौलतनं तोंड फिरवलं, मुठी आवळल्या. खांबापलीकडे खरखर सुरू झाली.

"ऐकलंस?" हौसाबाई म्हणाली.

"आई, ट्रक गेला वरून."

ट्रक खोकतो होय? हौसाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, ती विझलेली बिडी उचलली आणि स्वतः पेटवून झुरका घेतला. जन्मात कधी ओढली नव्हती. ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. रिक्षाच्या रांगेतले दोघेतिघे हसले. "आजी, माचिस देऊ का?" तिनं लक्ष दिलं नाही. बिडी बोटं पोळेपर्यंत ओढली, आणि खांबापलीकडे सामसूम झालं.

दुसरी अडचण दौलतची. बिडी सोडल्यावर माणसाचं काय होतं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. त्याचे हात थरथरायला लागले. भाकरीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं ताट सरकवलं, नंतर आपणच रडवेला झाला. पलीकडच्या खांबाशी कलावती राहायची. विटांवर पत्रा टाकून ती तंबाखू काळी होईस्तो भाजायची, कुटायची आणि पुलाखालच्या सगळ्या बायकांना मिश्री पुरवायची. ती म्हणाली, "अगं हौसा, त्याच्या तोंडाला काहीतरी पायजे. मिश्री दे त्याला. दुपारची थोडी तंबाखू चुन्यात मळून दे, बार भरून बसंल. बिडीची आठवणपण येणार नाही."

हौसाबाईला पटलं. मिश्रीला कोण व्यसन म्हणतं? तिच्या आईनं लावली, आजीनं लावली, तिनं न्हाण यायच्या आधीपासून लावली. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही की डोकं चालत नाही. ना धूर, ना खोकला. मग ती रोज सकाळी आपल्या डबीतली चिमूट दौलतच्या तळहातावर ठेवायला लागली. दुपारी भाकरी पोचवायला टेंभी नाक्याला जायची तेव्हा मळलेली तंबाखू कागदाच्या पुडीत न्यायची. संध्याकाळी परत मिश्री. दौलतचे हात थांबले, बोलणं सुधारलं. "बिडीकडे बघत पण नाय मी आता," तो मांडवावरच्या पोरांना सांगायचा. हौसाबाईला वाटायचं, पोराला आपण आपल्या हातानं ओढून काढलं.

पण पाय काही ऐकेना. अंगठ्याचा काळा रंग नखाच्या मागे सरकला, शेजारचं बोट निळं दिसायला लागलं. दौलत अंगठ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून कामावर जायचा. रात्री झोपेतून उठून कट्ट्यावरून पाय खाली सोडून बसायचा, वर घेतला की ठणका लागायचा.

एका दुपारी ती भाकरी घेऊन पोचली तर तो वर बांबूवर होता. अंगठ्यात दोरी धरवेना म्हणून त्यानं ती दातात धरली होती. ताण दिला तशी दोरी सुटली आणि आडवा बांबू कलंडून खाली आला. नशीब, खाली कुणी नव्हतं. मांडवाचा ठेकेदार केदार, पोरगेलासाच, पण चांगल्या स्वभावाचा, धावत आला.

"दौलतभाऊ, उतरा खाली. काय हे? कुणाच्या डोक्यात पडला असता तर?"

"चुकून सुटली शेठ."

"मला दिसतंय ना पाय. आधी बरे व्हा. मग या."

दौलत शिडीवरून एकेक पायरी थांबत उतरला. सगळी पोरं हातातलं काम थांबवून बघत होती. खाली आल्यावर त्यानं हौसाबाईकडे हात पुढे केला. भाकरीसाठी नाही, पुडीसाठी. तिनं ती लगेच दिली.

परतीच्या वाटेवर तिनं मनातलं बोलून टाकलं.

"ते वढत्यात तुला."

"कोण?"

"तुजं आबा. बिडी मी वढती, तू न्हाई. ते त्यास्नी पोचत न्हाई. म्हून पाय धरलाय तुजा."

"आबा माझा पाय कशाला धरतील आई? जीव होता त्यांचा माझ्यावर."

"उपाशी माणूस जीवबीव बघत न्हाई."

दौलत लंगडत पुढे निघाला. पण त्या दिवसापासून झोपताना तो पाय खांबाकडे करेना, हे तिनं बघितलं.

हौसाबाई भ्यायली. नवऱ्याला भ्यायची तिला सवय नव्हती. पंढरीनं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. नाल्याच्या पुरात त्यानं तिला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. असा माणूस मेल्यावर पोराच्या पायाला लोंबकळतोय, हे मनात आलं की तिला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. तिनं बिड्या वाढवल्या. सकाळी एक, दुपारी एक. नौपाड्यात उत्तरावहिनींच्या पोळीभाजी केंद्रात ती भांडी घासायची. पितृपंधरवड्यात तिथे वडे-खिरीच्या ऑर्डरींचा नुसता पाऊस. नौपाड्यातले मेलेले पोटभर जेवायचे आणि त्यांची पातेली हौसाबाई घासायची. मधेच मागच्या दाराशी बसून पंढरीच्या नावानं झुरके घ्यायची.

एकदा उत्तरावहिनी मागे आल्या. "हौसाबाई, हे काय नवीन? गिऱ्हाईकं बघतात हो. खायच्या जागी बिडीचा वास बरा नाही."

"माजी न्हाई वहिनी. आमच्या मालकांची हाय."

उत्तरावहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. म्हातारी भ्रमिष्ट झाली असं त्यांना वाटलं असावं. त्या आत गेल्या.

पंधरवडा सरत आला तेव्हा अंगठ्यातून घाण वास यायला लागला. परत दवाखाना, परत रांग. या वेळी दौलतला चालवेना, कलावतीनं भंगाराची हातगाडी मागून आणली आणि दोघींनी त्याला तिच्यावर बसवून नेलं. सिग्नलला गाडी थांबली की माणसं बघायची, आणि दौलत टॉवेलनं तोंड झाकून घ्यायचा.

डॉक्टर क्षिप्रांनी पाय बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बिडी सोडली नाहीत ना?"

"सोडली मॅडम. आईशप्पथ. त्या दिवसापासून एक नाय ओढली."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"आई, सांग ना यांना."

"सोडली बाई त्यानं," हौसाबाई म्हणाली. "मी शपथेवर सांगती. बिंडल गटारात टाकलं माज्या डोळ्यांदेखत."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. मग दौलतला म्हणाल्या, "तोंड उघडा." हिरड्या काळ्या, गालात आतून पांढरा चट्टा. "हे काय लावता?"

"मिश्री. आणि तंबाखूचा बार. बिडी सुटावी म्हणून." दौलत थोडं कौतुकाच्या अपेक्षेनं बोलला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ती तंबाखूच की. धुरातून घ्या नाहीतर हिरडीतून, रक्तात तेच जातं. नसा त्यानंच बंद होतात." मग म्हणाल्या, "मी बिडीचंच विचारलं. तंबाखू म्हणायला हवं होतं मी. कोण देतं ही मिश्री तुम्हाला?"

दौलतनं मान खाली घातली. त्यानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचं ते न पाहणं हौसाबाईला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"मी देती," ती म्हणाली.

इतके दिवस तिला पोराच्या घोट्याभोवती एक हात दिसत होता. पंढरीचा समजून ती त्या हाताशी भांडत होती, त्याला बिड्या चारत होती. आता तिनं मांडीवरचा स्वतःचा हात बघितला. बोटाच्या पेरावर सकाळच्या मिश्रीचा काळा डाग होता. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण रांगेतली माणसं आत डोकावत होती.

अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाऊल वाचेल, डॉक्टर म्हणाल्या, पण यापुढे चिमूटभरही तंबाखू नको, कुठल्याच रूपात. वॉर्डात दौलत भिंतीकडे तोंड करून पडला होता. हौसाबाई त्याच्या उशाशी बसली तसं त्यानं नाक वळवलं.

"आई, तू लावून आलीस?"

"सकाळी जराशी."

"वास येतो गं. मला राहवत नाय. आणि संध्याकाळी तू आबांची ओढतेस ना, त्याचापण. तू समोर ओढत बसलीस तर माझ्यानं नाय होणार. मी खरंच सांगतो, नाय होणार. हा पाय पण जाईल."

"मिश्री टाकती मी."

"आणि आबांची?"

तिनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. त्यांना शब्द दिलेला, पिंडासमोर दिलेला. जित्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर त्याच्या पाया पडता येतं.

मिश्रीची डबी तिनं दवाखान्याच्या मोरीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं फुटायला आलं, हिरड्या सुजल्या, पोट जागचं हलेना. पोराला काय झालं असेल ते तिला तेव्हा कळलं. कट्ट्यावर त्या संध्याकाळी बिडी लागली नाही. ती वॉर्डातच बसून राहिली. पण तिकडे पुलाखाली कुणीतरी वाट बघत खोकतंय, हे तिला इथे बसून ऐकू येत होतं.

सर्वपित्रीला उत्तरावहिनींनी तिला केळीच्या पानावर वडे, खीर, गवारीची भाजी, भात असं सगळं वाढून दिलं. "तुमच्या माणसांसाठी ठेवा," म्हणाल्या. हौसाबाई ते पान घेऊन तलावपाळीला गेली. काठावर गर्दी. पानंच पानं मांडलेली. तिनंही जागा धरली, पान ठेवलं, पाण्याचे थेंब फिरवले आणि मागे सरून बसली.

शेजारच्या पानांवर कावळे उतरत होते, भांडत होते. तिच्या पानाकडे एक आला, वड्यापर्यंत चालत गेला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. परत आला, परत उडाला.

शेजारी खाडीकडच्या गावातली एक बाई बसली होती, बायजा म्हणून. तिच्या पानाला कावळा कधीच शिवला होता. ती म्हणाली, "आजी, तुमचे पानाला शिवं ना कावला. काय लागं त्यांना?"

"बिडी लागायची."

"मंग ही घ्या ना." बायजानं पिशवीतून बिड्यांचं बिंडल काढलं. "माझे सासऱ्याला आनलेली. उरल्यान. लावा एक, लगेच येल बगा."

बिडीचा वास हौसाबाईच्या नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. तिचं तिलाच कळेना, हे पाणी पंढरीचं की आपलं. हात पुढे गेला. पेटवायची, ठेवायची, विझायला लागली की एकच झुरका घ्यायचा. दौलत इथे नव्हता, त्याला वास येणार नव्हता. कावळा समोरच्या फांदीवर थांबला होता. मग उद्या संध्याकाळी परत एक. दौलत वॉर्डातून आला की त्याच्यासमोर एक.

तिनं हात मागे घेतला.

"नगं," ती म्हणाली. "सोडली त्यांनी."

"कोनी सोडली?"

"आमच्या मालकांनी."

"मेल्यावर?" बायजा हसणार होती, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबली.

"पोरानं सोडली. मग त्यांनी बी सोडली." हौसाबाई फांदीकडे बघून हळू आवाजात बोलायला लागली. "आवं, ऐकताय न्हवं? खीर हाय, वडं हायती. ते खावा. बिडी आता न्हाई मिळायची. माज्यावर रागावा, माज्या मागं लागा, मी काय म्हननार न्हाई. लई सोसलं तुमी माज्यापायी, मला ठावं हाय. पर पोराचा पाय मी न्हाई द्यायची."

कावळा हलला नाही. तिनं थोडी वाट पाहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. अशा दिवशी सगळं गाव आपापल्या मेलेल्यांना जेवू घालत होतं आणि ती एकटी नवऱ्याला उपाशी ठेवून उठत होती. दवाखान्यात भेटायची वेळ होत आली होती. पान तिथेच सोडून ती निघाली.

तलावाचं वळण संपेपर्यंत काही नव्हतं. मग मागे खरखर झाली, दोन उबळी, थुंकल्याचा आवाज. ती थांबली नाही. रस्ता ओलांडला तरी खोकला मागेच. गर्दीतून, रिक्षांच्या हॉर्नमधून तो तिच्या पावलांमागे पावलं टाकत होता, आणि ते तिच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचं चालणं होतं. दवाखान्याच्या फाटकाशी ती उभी राहिली. मागे न बघता तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हितनं पुढं यायचं न्हाई," ती म्हणाली, आणि आत गेली.